‘मी पाहिलं’ या वाक्यानंतर

(हिवाळी व्याख्यानमालेत गुंफलेल्या चौथ्या पुष्पाचे शब्दांकन)



दोन घटना सांगून सुरुवात करतो.

पहिली २१ मे २०११ ची. इंग्लंडच्या दक्षिणेला, साउदॅम्प्टन शहराजवळ हेज एंड नावाचं गाव आहे. तिथल्या एका शेतात लोकांना पांढरा वाघ बसलेला दिसला. त्यांनी कॅमेऱ्याच्या भिंगातून न्याहाळून पाहिलं. पट्टे स्पष्ट होते. त्यांनी पोलिसांना कळवलं. पोलीस आले, त्यांनाही वाघच दिसला. प्राणिसंग्रहालयाची माणसं भुलीची बंदूक घेऊन सज्ज झाली, जवळच्या मैदानावरचा क्रिकेटचा सामना थांबवला आणि आकाशात हेलिकॉप्टर आलं. त्यात उष्णता टिपणारा कॅमेरा होता. त्या कॅमेऱ्याला वाघाच्या अंगात ऊबच सापडेना. हेलिकॉप्टर आणखी खाली उतरलं आणि त्याच्या वाऱ्याने वाघ कलंडला. ते खऱ्या वाघाएवढं कापडी खेळणं होतं.

दुसरी घटना ऑक्टोबर १९८० ची, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली. कॅनिक गावाजवळचा एक शेतकरी सांगत होता, की माझ्या मेंढ्या जातायत आणि मांजराच्या जातीचं एक मोठं जनावर इथे फिरतंय. त्याने पिंजरा लावला आणि आत मेंढीचं मुंडकं ठेवलं. एका सकाळी पिंजऱ्यात प्यूमा होता. प्यूमा म्हणजे अमेरिका खंडातलं, पिवळसर तपकिरी रंगाचं मोठं मार्जार. ही मादी होती. तिचं नाव फेलिसिटी ठेवलं गेलं. पुढे ती हायलँड वाइल्डलाइफ पार्कमध्ये राहिली, १९८५ साली वारली आणि आज पेंढा भरून इन्व्हर्नेसच्या संग्रहालयात उभी आहे.

एका ठिकाणी खेळणं निघालं, दुसऱ्या ठिकाणी जिवंत प्यूमा. पण दोन्हीकडे सुरुवात एकाच वाक्याने झाली होती : ‘मी पाहिलं.’ हे वाक्य कानावर आल्यानंतर आपण काय करायचं, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

पहिली गोष्ट ऐकताना हसू येतं, ते साहजिक आहे. पण विचार करा, त्या लोकांचं चुकलं काय? जे दिसलं ते त्यांनी वेळेवर कळवलं. पोलिसांनी त्याची तपासणी केली. तपासणीतून खरं काय ते बाहेर आलं. तिथे प्रत्येकाने आपलं काम चोख केलं, असंच मी म्हणेन.

आता तुम्ही विचाराल, इंग्लंड-स्कॉटलंडात प्यूमा येईल कुठून? या प्रश्नाला इतिहासात उत्तर आहे. १९६९ साली लंडनच्या हॅरॉड्स या दुकानातून दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी सिंहाचा छावा विकत घेतला. त्याचं नाव ख्रिश्चन. हा छावा लंडनमधल्या फर्निचरच्या दुकानाच्या तळघरात वाढला आणि पुढे केनियात वन्यजीवसंरक्षक जॉर्ज अ‍ॅडमसन यांच्याकडे गेला. म्हणजे त्या काळात पैसे मोजले की सिंह घरी आणता येत होता. १९७६ साली ब्रिटनमध्ये धोकादायक वन्य प्राण्यांविषयीचा कायदा झाला. परवाना आला, तपासणी आली, विमा आला. ज्यांना हे झेपणारं नव्हतं, त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या : प्राणिसंग्रहालयाला देणं, मारून टाकणं किंवा रात्री गाडीत घालून रानात सोडणं. परक्या देशातलं जनावर मोकळं सोडणं हा गुन्हा ठरवणारा कायदा १९८१ साली आला. मधल्या काळात काही जनावरं सुटली असतील, हे म्हणणं अजिबात खुळं नाही.

त्याच्याही आधीचा एक पुरावा आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या संग्रहालयात एका लिंक्सचे अवशेष पडून होते. लिंक्स हे थंड प्रदेशातलं, कानांवर केसांचे झुपके असलेलं रानमांजर. १९०३ च्या सुमारास डेव्हनमध्ये त्याला गोळी घातली होती. संशोधकांनी त्याची हाडं आणि दात पुन्हा तपासले आणि २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. ते कॅनडातल्या जातीचं होतं, दातांची अवस्था वाईट होती आणि त्याने बराच काळ पिंजऱ्यात काढला असावा. शंभर वर्षांहून अधिक काळ कपाटात राहिलेल्या हाडांनी एवढं सांगितलं.

मात्र एखाददुसरं जनावर सुटणं वेगळं आणि रानात त्यांची वस्ती असणं वेगळं. इथे बॉडमिनची गोष्ट सांगायला हवी.

इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात बॉडमिन नावाचा विस्तीर्ण माळ आहे. वारा, गवत, दगडी कुंपणं आणि मेंढ्या. तिथे काळं, मोठं मार्जार फिरतं, असं लोक वर्षानुवर्षं सांगत होते. इंग्लंडमधल्याच एक्समूरमध्ये १९८३ साली मेंढ्या मरू लागल्या तेव्हा रॉयल मरीन्सचे नेमबाज टेहळणीला बसवले होते. तरी हाती काही लागलं नव्हतं. शेवटी १९९५ साली ब्रिटिश सरकारच्या कृषी खात्याने बॉडमिनची रीतसर चौकशी केली.

त्या चौकशीतली मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे मोजपट्टीची काठी. लोकांनी दिलेली छायाचित्रं आणि चित्रफिती घेऊन तपासणारी माणसं त्याच जागी गेली. ज्या भिंतीवरून ‘तो प्राणी’ उडी मारताना दिसत होता, ज्या फाटकाच्या खांबावर तो बसला होता, त्या भिंतीची आणि त्या खांबाची उंची त्यांनी मोजली. तेव्हा कळलं, की चित्रात भीतिदायक वाटणारं जनावर खांद्याशी जेमतेम फूटभर उंच आहे. म्हणजे घरचं मांजर. मोकळ्या माळावर शेजारी ओळखीची वस्तू नसली, की डोळ्याला अंतराचा आणि आकाराचा अंदाज येत नाही. पाहणारा खोटं बोलत नसतो. डोळा त्याला चकवतो.

मेलेल्या मेंढ्याही त्यांनी तपासल्या. बिबट्या साधारणपणे नरडं धरतो, भक्ष्य आडोशाला ओढत नेतो. कुत्रे पळत्या जनावराचे मागचे पाय, शेपटी, बरगड्या, मिळेल तिथे लचके तोडतात. शिवाय आपोआप मेलेल्या मेंढीला रात्रीतून कोल्हे-कावळे लागतात आणि सकाळी मालकाला शिकारच झालेली दिसते. अहवालाचा निष्कर्ष अगदी मोजक्या शब्दांत होता. मोठं मार्जार असल्याचा पडताळता येईल असा पुरावा नाही. मात्र तिथे ते नाहीच, असंही सिद्ध करता येत नाही. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मला फार मोलाचा वाटतो.

अहवाल बाहेर आला आणि त्यानंतर काही दिवसांतच फोई नदीत एका मुलाला कवटी सापडली. खालचा जबडा नव्हता, पण वर मोठे सुळे होते. वर्तमानपत्रांत छायाचित्रं आली. सरकार तोंडघशी पडलं, असं लोकांना वाटलं. कवटी लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये गेली. तिथल्या तज्ज्ञांनी सांगितलं, होय, ही बिबट्याचीच कवटी आहे, तरुण नराची. लोकांचा अंदाज बरोबर होता. पण तज्ज्ञ तिथे थांबले नाहीत. कवटीचा मागचा भाग कापलेला होता, कातडी कमावताना मुंडकं बसवण्यासाठी कापतात तसा. हाडावर सुरीचे ओरखडे होते. आणि आतल्या पोकळीत झुरळाच्या अंड्यांचा कोश होता. ते झुरळ उष्ण प्रदेशातलं, ब्रिटनच्या रानात न आढळणारं. म्हणजे तो बिबट्या मेला दुसऱ्याच कुठल्या तरी उष्ण देशात. त्याचं कातडं गालिचा होऊन ब्रिटनमध्ये आलं आणि पुढे त्याचं मुंडकं नदीत पोचलं.

श्रोतेहो, ‘ही कवटी बिबट्याची आहे का?’ हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. ‘हा बिबट्या इथे जगला होता का?’ हा प्रश्न संग्रहालयातल्या माणसांनी विचारला. पुरावा खरा असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकू शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणखी एक गोष्ट. ब्रिटनमध्ये दिसलेल्या या जनावरांपैकी पुष्कळ काळी असतात. आता, काळा प्यूमा जगात आजवर कुठेही खात्रीने नोंदलेला नाही. काळा बिबट्या असतो, पण जगभरातल्या बिबट्यांत काळ्यांचं प्रमाण साधारण दहात एक इतकंच आहे. हौसेने पाळणारे काळाच बिबट्या पसंत करत, हे मान्य केलं तरी ठिपक्यांचा बिबट्या इतका क्वचित का दिसावा? काळं घरचं मांजर मात्र प्रत्येक गावात असतं.

आता आपल्याकडे येऊ. कारण या प्रश्नाची खरी कसोटी आपल्या मातीत झालेली आहे.

महाराष्ट्रातला अकोले तालुका तुम्हाला माहीत आहे. ऊस, भाजीपाला, वस्त्या आणि दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसं. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे शेताच्या बांधांवर आणि पाऊलवाटांवर कॅमेरे लावले. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके निराळे असतात, त्यावरून एकेक जनावर ओळखलं. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : १०० चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ५ मोठे बिबटे आणि जवळपास तेवढेच तरस. त्यांनी बिबट्याची विष्ठा गोळा करून त्यातले केस आणि हाडं तपासली, तेव्हा त्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. दिवसा तिथल्या शेतकऱ्याला बिबट्या क्वचितच दिसतो. पण कॅमेऱ्याला दिसतो, चिखलाला दिसतो, वाटेवर पडलेल्या विष्ठेतून दिसतो.

याच संशोधकांनी अभ्यासलेला ‘आजोबा’ हा बिबट्या पुष्कळांना ठाऊक असेल. त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला. २००९ साली गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. तिथून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत सुमारे १२० किलोमीटर चालत गेला. वाटेत रेल्वे, महामार्ग, वस्त्या लागल्या, पण कोणाला चाहूल लागली नाही. इतकं लपून राहणारं जनावर! आणि त्याचा शेवट कसा झाला? २०११ साली महामार्गावर वाहनाच्या धडकेत.

बॉडमिनचं कोडं सोडवायला अकोले मदत करतं, ते असं. बिबट्या माणसांत राहूनही दिसत नाही, हे खरं. म्हणून ‘इतक्या माणसांत बिबट्या राहील कसा?’ ही शंका टिकत नाही. पण जिथे बिबटे खरोखर राहतात आणि वाढतात, तिथे ठसे, विष्ठा, छायाचित्रं, रस्त्यावर मेलेली जनावरं आणि ऊसतोडीत सापडणारे बछडे, हे सगळं सापडतं. रानात बिबट्या साधारण १२-१५ वर्षं जगतो. १९७६ साली सोडलेली जनावरं केव्हाच संपली. आज ब्रिटनमध्ये बिबटे असायचे तर त्यांची पुढची पिढी हवी आणि पिढी असेल तर हा सगळा पसारा हवा. तो तिथे मिळत नाही.

तरीही दार बंद करू नये. अलीकडे इंग्लंडच्या कंब्रिया भागात मेलेल्या मेंढीच्या जखमेतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेतला गेला. वॉरिक विद्यापीठात त्याची तपासणी झाली आणि त्यात वाघ-सिंह-बिबट्या ज्या गटातले, त्या गटाचा डीएनए मिळाल्याचं २०२४ साली जाहीर झालं. एका नमुन्यावर वस्ती सिद्ध होत नाही. पण तो नमुना घेणाऱ्याने योग्य तेच केलं. वाद घालण्याऐवजी त्याने तपासता येईल अशी वस्तू हाती दिली.

आपल्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत गावोगावच्या मोबाइलवर बिबट्याची चित्रं फिरतात. त्यातली काही दुसऱ्या राज्यातली, काही पाच वर्षांपूर्वीची, काही यंत्राने बनवलेली. त्यापायी मुलांची शाळा बुडते, रात्री पाणी धरायला जाणारा शेतकरी घाबरतो आणि वनरक्षक दहा खोट्या जागी धावतो, तेव्हा अकराव्या, खऱ्या जागी पोचायला त्याला उशीर होतो. माणसंही जातात आणि जनावरंही. म्हणून तपासाची शिस्त ही केवळ शास्त्रज्ञांची चैन नाही. ती आपली गरज आहे.

उलट चूकही तितकीच वाईट. एखादी मावशी सांगते, ‘गोठ्यामागे वाघरू होतं,’ आणि आपण तिला वेड्यात काढतो. ज्याचं एकदा हसं झालं, तो दुसऱ्यांदा कळवत नाही. मग गाव आंधळं होतं. ज्या मुलखात वाघोबाला शेंदूर लावून वाघबारस पाळतात, तिथल्या जुन्या माणसांना हे कळत होतं. शेजाऱ्याची खबर ठेवावी लागते.

मग करायचं काय? कोणी ‘मी पाहिलं’ म्हणालं, की आधी शांतपणे ऐकून घ्या. किती वाजता, किती अंतरावरून, उजेड कसा होता, ते विचारा. जनावराच्या शेजारी काय होतं, बांध, खांब, झुडूप, ते विचारा आणि त्याची उंची मोजा. शेपटी किती लांब होती, ते विचारा, पण आपलं उत्तर त्याच्या तोंडी घालू नका. ठसा शोधा. कुत्र्याच्या ठशात बहुधा नखं उमटतात, मार्जाराची नखं आत ओढलेली असतात. चिखलात ठसा पसरून मोठा दिसतो, म्हणून शेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवून छायाचित्र काढा. मेलेल्या जनावराला हात लावू नका, त्याच्याभोवती गर्दी करू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावा. आणि वनरक्षक येईपर्यंत त्या ठशावर एक घमेलं पालथं घाला.

पावसाने पुसू नये, गर्दीने तुडवू नये, म्हणून चिखलातल्या त्या खुणेवर पालथं घातलेलं घमेलं. ज्याने पाहिलं त्याचा मान त्यात आहे आणि सत्याचाही. घमेलं उचलल्यावर खाली शेजारच्या कुत्र्याचा पंजा निघो की बिबट्याचा, आपण गावाला जे सांगू ते खरं असेल.