खेळयंत्रांतील सूर

इसवी सन १९९० नंतरच्या दहाबारा वर्षांत बीड जिल्ह्यांतील ज्या घरीं दूरचित्रवाणीचा संच होता, त्यांपैकीं कित्येक घरीं उन्हाळ्याच्या सुटींत एक नवी वस्तु येऊन बसली. संचास तारेनें जोडावयाचें तें खेळयंत्र. लोक त्यास ‘व्हिडिओ गेम’ म्हणत, आणि त्यांत खुपसावयाच्या डबीस मुलें ‘कॅसेट’ म्हणत. वस्तुतः त्या डबींत फीत मुळींच नसे. वीज गेली कीं खेळ पुन्हां प्रारंभापासून, आणि वीज तर वारंवार जाई. त्यामुळें पहिल्या पायरीवरचें संगीत मुलांस जितकें पाठ झालें, तितकें शाळेंतलें एखादें पद्यही झालें नसेल.

वडीलधाऱ्यांच्या कानास ती निवळ टिंवटिंव होती. आज त्याच टिंवटिंवीस ‘चिपट्यून’ असें नांव मिळालें असून तिचे षोकी देशोदेशीं वाढत आहेत. निन्टेंडो कंपनीनें १९८९ सालीं काढलेल्या ‘गेम बॉय’ या खिशांतल्या खेळण्यावर नवें संगीत रचण्याचीं साधनें १९९८ च्या सुमारास निघूं लागलीं. २००६ पासून कांहीं वर्षें न्यूयॉर्क शहरीं या संगीताचा उत्सव भरत असे. टोकियो येथील ऑलिंपिक सामन्यांच्या प्रारंभीं, २०२१ सालीं, देशोदेशींचीं पथकें मैदानांत आलीं तीं जपानी खेळांतील संगीताच्या साथीवरच.

हा केवळ बाळपणाच्या आठवणींचा मोह असेल, असें कोणी म्हणेल. तें अर्धेंच खरें आहे. ज्यांचा जन्मच त्या यंत्रांनंतरचा, असे तरुणही हे सूर आवडीनें ऐकतात. तेव्हां त्यांत स्वतःचें असें कांहीं गुण असला पाहिजे. तो त्या यंत्राच्या दारिद्र्यांत सांपडतो.

भारतांत आलेलीं पुष्कळशीं यंत्रें निन्टेंडोच्या ‘फॅमिली कंप्यूटर’ या यंत्राच्या नकला होत्या. मूळ यंत्र जपानांत १५ जुलै १९८३ रोजीं विक्रीस निघालें. त्याच्या चिपेंतून दोन सूर चौकोनी तरंगाचे निघत, तिसरा त्रिकोणी तरंगाचा, आणि चवथी नुसती खरखर. ध्वनिमुद्रित तुकडा वाजविण्याची पांचवी सोय होती, पण ती जागा फार खाई. म्हणजे दोन सनया, एक खर्ज आणि एक खुळखुळा, एवढाच ताफा! त्यांतही खेळगड्यानें उडी मारली कीं उडीच्या आवाजासाठीं एक सूर तेवढ्यापुरता काढून घ्यावा लागे. गाणें रंगांत आलें असतां साथीदारास उठवून दाराशीं कोण आलें तें पाहावयास धाडावें, तशांतला हा प्रकार.

अमेरिकेंत १९८२ सालीं निघालेल्या ‘कमोडोर ६४’ या संगणकास तर तीनच सूर होते. एकाच सुरावर स्वरमेळ कसा उठवावा? संगीतकारांनीं मेळांतले स्वर एकामागून एक इतक्या झपाट्यानें वाजविले कीं कानास ते एकत्र भासावेत. अडचणींतून निघालेला तो थरथरता नाद हीच पुढें या संगीताची ओळख ठरली. गोंधळ्याच्या तुणतुण्यास एकच तार असते. म्हणून गोंधळ उणा पडतो असें कोणी म्हणत नाहीं.

कोजी कोंडो यांनीं १९८५ सालीं ‘सुपर मारिओ’ या खेळास संगीत दिलें. तो समग्र खेळ, चित्रांसह, अवघ्या ४० किलोबाइटांत बसविलेला आहे. आजच्या भ्रमणध्वनीवरील एक छायाचित्रही त्याहून कितीतरी मोठें. त्यांत पाण्याखालच्या प्रवासास तीन मात्रांची डौलदार चाल आहे, आणि वेळ संपत आली कीं लय एकाएकीं चढते. ज्यानें तो खेळ खेळला आहे, त्याची छाती त्या लयीनें आजही धडधडेल.

परंतु त्या खेळांत कोंडो यांचें नांव कोठेंही दिसत नाहीं. १९८७ च्या ‘रॉकमॅन’ या खेळाच्या संगीतकार मानामी मात्सुमाए यांचें नांव आलें, तें टोपणनांवानें. प्रतिस्पर्ध्यांनीं आपले कारागीर फोडूं नयेत, हा कंपन्यांचा त्यांतील हेतु सांगतात. जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्या बायांचीं नांवें कोणी विचारलींच नाहींत. येथें तीं जाणून दडविलीं, हें अधिक वाईट. कोंडो यांच्या त्या चालीस अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या यादींत घेतलें, तें २०२३ सालीं.

तरी एक गोष्ट त्या यादीनें साधत नाहीं. चौकोनी तरंगाचा उंच भाग किती वेळ टिकतो यावर सुराचा पोत ठरतो. पुष्कळशा नकली यंत्रांत ‘पाव’ आणि ‘अर्धा’ या दोन प्रमाणांची अदलाबदल झालेली असे. त्यामुळें मूळ रचनेंत जो सूर गोल, तो नकलेंत नाकांतून आल्यासारखा वाजे, आणि नाकांतला सूर गोल होई. अशा यंत्रावर खेळलेल्या मुलांनीं जें ऐकलें तो एक पाठभेदच होता. संगणकावर जुनीं यंत्रें हुबेहूब उभीं करणाऱ्या आज्ञावली आज मिळतात, पण त्या सामान्यतः जपानी मूळ पाठ धरून चालतात. चाळिशींतल्या एखाद्या गृहस्थास तें ऐकतांना ‘चाल तीच, पण आवाज निराळा’ असें वाटलें, तर त्यानें आपल्या स्मृतीस दोष देऊं नये.

दासोपंतांनीं अंबाजोगाईस कापडावर लिहिलेली ‘पासोडी’ चारशें वर्षें टिकली. हीं यंत्रें तीस वर्षांतच भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाऊन पडलीं. एखाद्या माळ्यावर अजून एक उरलें असेल, तर तें उतरवावें. कॅसेटीच्या पट्ट्यांवर फुंकर मारण्याची जुनी संवय मात्र टाळावी, कारण तोंडांतील ओलाव्यानें पट्ट्या गंजतात. कोरड्या फडक्यानें पुसणें बरें. यंत्र बोलूं लागलें, तर पहिल्या पायरीचें संगीत भ्रमणध्वनीवर मुद्रित करून घ्यावें, आणि यंत्र कोणत्या गांवीं व कोणत्या सालीं घेतलें होतें, तेंही त्यासोबत लिहून ठेवावें.