वॉरंटाविना झडती



रात्री-अपरात्री दारावर थापा पडाव्यात, हाका मारून घरधन्यास झोपेतून उठवावे आणि चौकीदाराने वा पोलीस शिपायाने सरळ आत शिरावे, असा प्रकार उत्तर प्रदेशातील खरकसिंग नामक इसमाच्या वाट्यास वारंवार येत असे. १९४१ साली दरोड्याच्या आरोपावरून त्यास पकडले होते, परंतु पुराव्याअभावी सोडून द्यावे लागले; तरीही पोलिसांच्या दप्तरी त्याच्या नावाचे हिस्ट्रीशीट उघडले गेले, आणि ज्याच्यावर खटलाही उभा राहू शकला नाही त्याच्या निद्रेवर सरकारचा अंमल सुरू झाला.

त्याच्या अर्जावर १९६२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या घरभेटींचा नियम घटनाबाह्य ठरविला. परंतु खासगीपणाचा हक्क घटनेने दिलेला नाही, असेही बहुमताने त्याच निकालात म्हटले, आणि पाळतीचे उर्वरित नियम कायम राहिले. न्यायमूर्ती सुब्बाराव व शहा यांना मात्र पाळतीचे ते सारेच नियम अमान्य होते. त्यांच्या अल्पमताचे मोल कळून खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरावयास २०१७ साल उजाडावे लागले, हे मला फार खेदाचे वाटते.

आता, पोलिसांनी वॉरंटाविना घरात पाऊल टाकूच नये, असे माझे म्हणणे नाही. दंडाधिकाऱ्याकडे जाऊन येईतो चोरीचा माल नाहीसा होणार असेल, तर तपासी अंमलदाराने थांबावे तरी कसे? कायद्याने ती मुभा दिलेली आहे. परंतु तिचा सारा जीव एका अटीत आहे, ती ही की, आपल्या समजुतीची कारणे आणि शक्यतो शोधावयाच्या वस्तूचे वर्णन त्याने झडतीपूर्वी लेखी नोंदविले पाहिजे. मुद्देमाल हाती लागल्यावर कारणे लिहावयास बसणे म्हणजे निकालानंतर फिर्याद नोंदविणे होय. त्याच परिसरातील दोन प्रतिष्ठित पंच बोलवावेत, घरधन्यास समक्ष राहू द्यावे, जप्त वस्तूंची यादी करून तिची प्रत त्यास द्यावी, ही १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील तजवीज २०२३ च्या संहितेतही आहे, व तीत चित्रीकरणाची भर पडली आहे. पण ठाण्याच्या ओळखीचे ठरलेले पंच आणून उभे केले की तिचा हेतूच लयास जातो.

कारणांच्या त्या नोंदीची प्रत आता ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे जावी लागते, आणि अर्ज केल्यास घरमालकास वा तेथे राहणाऱ्यास ती विनामूल्य मिळते. ज्याच्या घराची अशी झडती झाली असेल त्याने तो अर्ज निःसंकोचपणे करावा, आणि प्रत हाती येताच नोंद कोणत्या वेळी झाली ते प्रथम पाहावे.