डोळ्याच्या आतला पडदा
(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात नेत्रसमितीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्वयंपाकघरातून बटाटेवड्यांचा वास येत असताना डोळ्यांच्या आजारांवर बोलायचं म्हणजे कठीणच काम. पण यंदाचा निधी कशासाठी आहे हे सांगायची जबाबदारी आमच्या समितीवर आली आहे, तेव्हा वडे तळून होईपर्यंत जरा ऐकून घ्या.

आजवर आपण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी पैसे पाठवत आलो. त्यात समाधान मोठं असतं. एवढी रक्कम, एवढे डोळे, असा सरळ हिशेब, आणि पट्टी सुटलेल्या आजींचा हसरा फोटोही येतो. यंदा मात्र आम्ही पैसे मागतोय ते एका कॅमेऱ्यासाठी. कोकणातल्या एका छोट्या नेत्ररुग्णालयाला डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढणारा कॅमेरा घ्यायचा आहे. त्याने कोणाला दुसऱ्या दिवशी दिसू लागणार नाही. उलट ज्यांना आज स्वच्छ दिसतंय, त्यांचेच फोटो काढायचे आहेत! मग ह्याचा उपयोग काय, असं काही सभासदांनी विचारलं. प्रश्न अगदी रास्त आहे.

डोळा म्हणजे कॅमेरा असं धरलं, तर मोतीबिंदू हा भिंगाचा आजार. भिंग गढूळ झालं की काढून नवं बसवता येतं. पडदा म्हणजे आतली फिल्म (तरुण मंडळींनी फिल्म म्हणजे काय ते आईबाबांना विचारावं), आणि ती काही बदलता येत नाही. जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा हा थर मेंदूचाच एक भाग आहे. त्यातल्या पेशी एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत. ह्या पडद्याच्या मधोमध पीतबिंदू असतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, सगळं त्या एवढ्याशा जागेवर चालतं.

आता मधुमेह काय करतो ते बघा. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात. कुठे फुगवटा येतो, कुठे पाझर सुरू होतो, कुठे वाहिनी बंदच पडते. पाझर पीतबिंदूपाशी झाला तर तिथे सूज येते. जिथला रक्तपुरवठा तुटला तो भाग प्राणवायूसाठी तडफडतो आणि व्हीईजीएफ नावाचं रसायन सोडतो. नव्या वाहिन्या पाठवा, अशी ती मागणीच असते. वाहिन्या येतात, पण कच्च्या. त्या फुटून डोळ्यात रक्त उतरतं, पुढे तिथे व्रण धरतो, आकसतो आणि पडदा जागेवरून ओढून काढतो. ह्या सगळ्यात दुखत काही नाही! पीतबिंदूला धक्का लागेपर्यंत माणूस पेपर वाचत असतो, एसटी चालवत असतो. मग एक दिवस धूसर दिसायला लागतं, आणि घरचे म्हणतात, मोतीबिंदू असेल, पिकू दे. त्या पिकण्याची वाट बघण्यात कितीतरी डोळे जातात.

म्हणून कॅमेरा. त्याचा उपयोग होतो हे आपण राहतो त्या देशातच दिसलं आहे. इंग्लंडमध्ये मधुमेही लोकांच्या पडद्याची नियमित तपासणी 2003 मध्ये सुरू झाली आणि 2008 पर्यंत ती देशभर पोचली. इंग्लंड आणि वेल्समधल्या 2009-10 च्या नोंदी तपासल्या तेव्हा असं आढळलं, की कामाच्या वयातल्या लोकांच्या अंधत्वाच्या कारणांत मधुमेह पहिल्या क्रमांकावर राहिलेला नाही. पन्नास वर्षांत हे पहिल्यांदाच घडलं होतं. संशोधकांच्या मते त्यात ह्या तपासणीचा वाटा असण्याची शक्यता मोठी आहे. भारतात 2023 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार मधुमेही 10 कोटींच्या वर आहेत. 2022 च्या एका अभ्यासात चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी साधारण आठात एकाच्या पडद्यावर परिणाम दिसला. ह्यातल्या प्रत्येकाला शहरातल्या तज्ज्ञाकडे पाठवणं शक्य नाही. फोटो मात्र प्रशिक्षित तंत्रज्ञ तालुक्याला काढू शकतो आणि तज्ज्ञ तो दुसरीकडे बसून बघू शकतो.

उपचार आहेत का? आहेत, आणि चांगले आहेत. लेसरने तीव्र दृष्टिनाश निम्म्याहून कमी होतो हे अमेरिकेतल्या अभ्यासाने 1976 मध्येच दाखवलं. पीतबिंदूच्या सुजेवर आता डोळ्यात इंजेक्शन देतात, त्या व्हीईजीएफला अडवणारं. डोळ्यात सुई म्हटल्यावर सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, पण बधिर करणाऱ्या थेंबांनंतर टोचल्याचं फारसं कळत नाही. महागड्या औषधांबरोबर बेव्हॅसिझुमॅब हे मूळचं कॅन्सरचं, बरंच स्वस्त औषधही ह्यासाठी वापरतात. खरी अडचण वेगळीच आहे. इंजेक्शन एकदा देऊन भागत नाही, सुरुवातीला दर महिन्याला यावं लागतं. ज्याची रोजची मजुरी बुडते आणि सोबत मुलालाही आणावं लागतं, तो दोनदा येतो आणि तिसऱ्यांदा येत नाही. म्हणून निधीतला एक भाग रुग्णांच्या प्रवासखर्चासाठी राखून ठेवावा, असा आमचा आग्रह आहे. नुसतं यंत्र देऊन मोकळं व्हायचं आणि त्यावर मंडळाची पाटी लावायची, हे आम्हाला पटत नाही.

आता थोडं आपलं घरचं. दक्षिण आशियाई लोकांना टाइप 2 मधुमेहाचा धोका इथल्या गोऱ्या लोकांपेक्षा दोन ते चार पट. बारा वर्षांपुढच्या प्रत्येक मधुमेहीला तपासणीचं पत्र येतं, दरवर्षी, आणि लागोपाठ दोनदा पडदा निर्दोष असेल तर दोन वर्षांनी. पत्र आलं की जा. चष्म्याच्या दुकानातली नंबरची तपासणी वेगळी, ती झाली म्हणून ही टाळू नका. थेंब घालतात, तेव्हा त्या दिवशी गाडी स्वतः चालवायची नाही. गरोदरपणात आधीचा मधुमेह असेल तर अधिक जपायचं. आणि साखरेइतकाच रक्तदाबही बघा. ब्रिटनमधल्याच 1998 सालच्या अभ्यासात रक्तदाब काटेकोर ठेवलेल्या लोकांमध्ये पडद्याचा आजार वाढण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला होता.

सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईबाबांना हे पत्र येत नाही. त्यांची तिकिटं काढताना त्यांना तिकडेच पडदा तपासून घ्यायला सांगा. लोणचं-पापडाची यादी फोनवर होतेच, त्यात ही एक ओळ घाला.

मधुमेह नसलेल्यांनीही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अचानक विजा चमकल्यासारख्या दिसल्या, काळे ठिपके वाढले किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर पडदा फाटलेला किंवा सुटत असू शकतो. त्याच दिवशी दाखवा, सोमवारची वाट बघू नका. दुसरी गोष्ट रातांधळेपणाची. तो घरात दोघातिघांना असेल तर अनुवंशिक आजार असू शकतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होत आली, आणि काही प्रकारच्या पडद्याच्या आजारांचा धोका अशा नात्यात वाढतो. मोठ्यांना वाईट वाटेल म्हणून हे लपवू नका, डॉक्टरांना सांगा. आरपीई65 ह्या एका जनुकातल्या दोषावर 2017 पासून जनुकोपचार उपलब्ध आहे. बाकी बहुतेक प्रकारांवर अजून तसा उपाय नाही.

वडे झालेले दिसताहेत. चहाच्या टेबलाशेजारी भिंतीवर कालनिर्णय लावलं आहे. वाचायचा चष्मा लावा, एक डोळा झाका आणि तारखांच्या चौकटींच्या रेघा बघा, मग दुसऱ्या डोळ्याने. रेघ वाकडी किंवा तुटक दिसली तर आम्हाला तिथेच गाठा. देणगीची पेटी त्याच टेबलावर आहे. जे इथे कर भरतात त्यांनी गिफ्ट एडच्या फॉर्मवर सही करायला विसरू नये, पौंडामागे 25 पेन्स सरकार घालतं.