पडीक पडू देऊ नका
(बाभुळगाव येथील बैठकीतील भाषण)



"जन्मभर वखर हाकला, आता कसला व्यायाम?" असे म्हातारी मंडळी विचारतात. अहो, एकदा दिलेल्या शेणखतावर किती वर्षे पीक घ्याल? जमीन पडीक पडली की हराळी-कुंदा माजतो. मांड्या वापरात नसल्या की झिजतात. मग उठवत नाही, तोल जातो, खुब्याचे हाड मोडते. एक माणूस खाटेवर पडला की त्याच्यापायी सून शेत सोडून घरी बसते आणि मजुरी वेगळी लागते.

पण पडीक जमीन पुन्हा वहितीत येते. अमेरिकेत बॉस्टनला नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा व्यायाम करून घेतला. नऊ जणांनी तो पुरा केला. पायांचे बळ दुपटीहून अधिक वाढले. हे १९९० साली छापून आले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९१४ पासूनचे. व्यायाम आपल्याला नवा नाही. आपण तो फक्त पोरांचा समजलो.

करायचे एवढेच. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा. आधी हात टेकून, मग बिनटेक्याने. चौकट धरून टाचा उचला, एका पायावर उभे राहा. हे एक दिवसाआड. चालणे मात्र रोज. ताटात वरण घट्ट असू द्या. छातीत दुखले, चक्कर आली तर थांबा, डॉक्टरला दाखवा.

कापसाच्या भावासाठी रस्त्यावर उभे राहायचे, तर आधी खाटेवरून उठता आले पाहिजे. सुरुवात उद्या सकाळीच करा.