मायक्रॉनचे शिक्षण : बंगळुरूच्या टूलरूमचा धडा

(एका व्याख्यानाचा संपादित अंश)



बंगळुरू म्हटले की आज संगणक उद्योग आठवतो. परंतु त्याआधी कित्येक दशके हे यंत्रांचे शहर होते. वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने १९४० मध्ये येथे विमान कारखाना उभारला. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडच्या ऑर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना झाली. यंत्रे घडविणारी यंत्रे देशात तयार होऊ लागली. तेव्हा कुशल कारागीर कोठून आणायचा, हा प्रश्नही उभा राहिला.

उत्पादनातून प्रशिक्षण

या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे शासकीय टूलरूम व प्रशिक्षण केंद्र. डेन्मार्कच्या मदतीने ते १९७२ मध्ये बंगळुरूत सुरू झाले. बेळगावसह कर्नाटकात आता त्याची अनेक केंद्रे आहेत. दहावीनंतर येथे टूल व डाय मेकिंगची चार वर्षांची पदविका घेता येते. तीन वर्षे केंद्रात आणि शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कारखान्यात, अशी तिची रचना आहे. केंद्र स्वतः उद्योगांसाठी डाय व साचे बनविते. त्यामुळे शिकण्याची जागा आणि उत्पादनाची जागा एकच राहते.

या व्यवसायात एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे रोजचे माप आहे. एक मीटर लांबीचे पोलाद तापमान एक अंश सेल्सिअसने वाढल्यास सुमारे १२ मायक्रॉनने प्रसरण पावते. म्हणजे १०० मिलिमीटरचा भाग दहा अंशांनी तापला, तरी त्याची लांबी तेवढीच वाढते. मापातील मुभा दहा मायक्रॉनची असेल, तर यंत्रावरून गरम काढून मोजलेला भाग फसवा ठरतो. म्हणूनच लांबीच्या मोजमापासाठी २० अंश सेल्सिअस हे आंतरराष्ट्रीय प्रमाण तापमान मानले जाते. शिवाय डायमध्ये चूक राहिली, तर तिच्यातून निघणाऱ्या प्रत्येक नगात ती उतरते. ही शिस्त केवळ पुस्तकातून येत नाही. ती कानस, मायक्रोमीटर आणि लेथ हाताळतच अंगी बाणते.

खर्च कोणी करावा?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरा प्रश्न येथे सुरू होतो. पीण्यातील एखाद्या लघुउद्योजकाने मुलाला दोन वर्षे शिकविले आणि मोठ्या कारखान्याने जास्त पगार देऊन त्याला नेले, तर खर्च एकाचा व लाभ दुसऱ्याचा होतो. गॅरी बेकर यांनी १९६४ च्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात याची मीमांसा केली आहे. जे कौशल्य कोणत्याही कारखान्यात चालते, त्याचा खर्च मालक उचलत नाही. तो शिकणाऱ्यावरच पडतो. परंतु शेतमजुराच्या मुलाला तो पेलणार कसा? कौशल्य तारण ठेवता येत नाही. परिणामी, उद्योगाला कारागीर मिळत नाही आणि होतकरू मुलाला संधी मिळत नाही.

शासनाने यावर तीन मार्ग अवलंबिले. पहिला कायद्याचा : शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१, ज्यात २०१४ मध्ये महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. दुसरा अनुदानाचा : २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल १५०० रुपयांपर्यंतचा, वाटा केंद्राने उचलण्याची तरतूद झाली. तिसरा सामायिक संस्थेचा, म्हणजे टूलरूमचा. येथे महागडी यंत्रे अनेक उद्योगांच्या उपयोगी पडतात आणि उत्पादनाच्या उत्पन्नातून प्रशिक्षणाचा काही भार हलका होतो. छत्रपती संभाजीनगरचे इंडो-जर्मन टूलरूम हे महाराष्ट्रातील असेच उदाहरण होय.

मर्यादा आणि दिशा

अर्थात, या प्रतिमानालाही मर्यादा आहेत. एका यंत्रावर एका वेळी मोजकेच विद्यार्थी शिकू शकतात. वर्गातील बाके वाढवावीत तशी प्रवेशसंख्या वाढविता येत नाही. मागणी पुरविण्याच्या घाईत शिकविणे मागे पडण्याचा धोकाही असतो. सीएनसी यंत्रांमुळे हाताचे काम घटले. परंतु चुकीचे माप ओळखणारी नजर अनावश्यक झालेली नाही.

व्यावसायिक व तांत्रिक प्रशिक्षण हा संविधानाच्या समवर्ती सूचीतील (नोंद २५) विषय आहे. म्हणून जबाबदारी केंद्र व राज्य दोघांचीही आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने व्यावसायिक शिक्षण मुख्य प्रवाहात आणण्याचा आग्रह धरला. तो सफल व्हायचा, तर कार्यशाळेकडे ‘गुण कमी पडलेल्यांची जागा’ म्हणून पाहणे थांबले पाहिजे. दहावीनंतर कानस हाती घेणाऱ्या मुलामुलींना रोजगार, प्रतिष्ठा आणि पुढील शिक्षणाची वाट, ही तिन्ही मिळतात काय, यावरच कौशल्य धोरणाचे यशापयश मोजावे लागेल.