वाळवंटात मुक्काम कोठे करावा?



या मालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा मी बोनसवर किंवा किमान वेतनावर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा होती. मी म्हटले, जैसलमेरच्या वाळवंटात मुक्काम कोठे करावा, यावर बोलतो. ते हसले. परंतु हा विषय माझ्या धंद्यातलाच आहे. चौदाव्या वर्षी मी खानावळीत टेबले पुसू लागलो आणि पुढे हॉटेल कामगारांच्या युनियनमध्ये आयुष्य गेले. शाळा सातवीपर्यंतच झाली. उरलेले शिक्षण अशा व्याख्यानमालांच्या मागच्या रांगेत बसून झाले. खोलीचा दर पाटीवर लिहिलेला असतो, पण तिची खरी किंमत कळायला मोरीच्या मागे जावे लागते, हे मात्र मी धंद्यातच शिकलो.

राजस्थानच्या जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत ‘डेझर्ट नॅशनल पार्क’ पसरले आहे. त्याचे क्षेत्र ३,१६२ चौरस किलोमीटर. नाव राष्ट्रीय उद्यानाचे असले, तरी १९८० साली ते अभयारण्य म्हणून जाहीर झाले आणि आत आजही गावे नांदतात. तेथे नुसत्या वाळूच्या टेकड्या नाहीत. खडकाळ जमीन आहे, सेवण गवताचे माळ आहेत. त्या माळांवर माळढोक राहतो. सोलापूरजवळच्या नान्नजमुळे हा पक्षी आपल्याला परका नाही. एके काळी आपल्याकडेही तो बऱ्यापैकी दिसे. आता देशात जे जेमतेम शंभर-दीडशे उरले, त्यांतले बहुतेक या थरच्या वाळवंटात आहेत.

आता येथे येणाऱ्या प्रवाशापुढे मुक्कामाच्या चार जागा असतात: जैसलमेरचा किल्ला, किल्ल्याखालचे शहर, सम येथील तंबू आणि खुडीसारखे एखादे गाव. सुदासरीला वनखात्याच्या साध्या झोपड्या आहेत, पण त्या मिळतीलच असे धरून निघू नये. खात्याच्या कचेरीत आधी चौकशी करावी.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही निवृत्त कामगार मित्र आठजण तेथे गेलो. स्टेशनावर रिक्षावाल्याने आम्हांला गाठले आणि सरळ किल्ल्यातल्या एका हॉटेलात नेऊन सोडले. त्याला तेथे कमिशन होते, हे आम्हांला मागाहून कळले. खोली स्वस्त होती, खिडकीतून सारे शहर सोन्यासारखे दिसत होते. थंडी कडाक्याची, म्हणून प्रत्येकाने गरम पाण्याच्या दोन-दोन बादल्या अंगावर घेतल्या. सकाळी तेथला पोऱ्या मला हळूच म्हणाला, “बाबूजी, पाणी जरा बेताने वापरा. खालची भिंत ओली होते.” मी जाऊन पाहिले. आमच्या मोरीखालच्या दगडावर हिरवट ओल पसरली होती.

हा किल्ला ११५६ सालचा आहे आणि त्यात आजही काही हजार माणसे राहतात. पूर्वी पाणी खालून डोक्यावर वाहून आणावे लागे, तेव्हा ते तोलूनमापून वापरले जाई. पुढे नळ आले, पर्यटक आले, न्हाणीघरे वाढली; सांडपाणी झिरपून टेकडीच्या मऊ थरांत मुरू लागले. १९९० च्या दशकात बुरुज आणि राजवाड्याचा काही भाग ढासळला. १९९६ साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यातील वास्तूंच्या यादीत या किल्ल्याचे नाव घातले. २०१३ साली तो युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. परंतु सन्मानाने ओल वाळत नाही. पुढे दुरुस्त्या झाल्या, तरी ज्या पाण्यामुळे त्या कराव्या लागल्या त्यात माझ्याही दोन बादल्या आहेत, हे मी विसरू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही समला गेलो. शहरापासून ते सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. तंबूंच्या रांगाच रांगा, प्रत्येक तंबूला न्हाणीघर आणि पाणी टँकरचे. संध्याकाळी ध्वनिक्षेपकावर सिनेमातली गाणी लागली आणि वाळूच्या टेकड्यांवर जीपगाड्या घुमू लागल्या. आकाशात तारे असतील, पण दिव्यांपुढे ते दिसले नाहीत. मी उंटवाल्याजवळ बसलो. जित्याची खोड! त्याला विचारले, “आम्ही मोजले त्यातले तुला काय मिळते?” त्याने सांगितलेला आकडा आमच्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही नव्हता, आणि उंटाचा चारा त्याचा त्याने घालायचा.

माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. त्याला निवांत मोकळा माळ हवा. समोरच्या विजेच्या तारा त्याला नीट दिसत नाहीत आणि त्यांवर आदळून तो मरतो. २०१९ पासून सम येथे सरकारने त्याचे पैदास केंद्र चालविले आहे. एका हाताने पक्षी वाढवावयाचा आणि दुसऱ्या हाताने त्याच्या माळावर दिवे-कर्णे मांडावयाचे, याला काय म्हणावे?

येथे कोणी मला विचारील, “अहो, तुम्ही कामगारांचे माणूस. सर्वांनी किल्ला सोडला, तंबू सोडले, तर तेथल्या पोऱ्याने आणि उंटवाल्याने खावे काय?” प्रश्न रास्त आहे. बहिष्काराचा पहिला फटका मालकाला बसत नाही, कामगाराला बसतो, हे मी संपांतून पाहिले आहे. म्हणून माझे सांगणे बहिष्काराचे नाही. किल्ल्यात दिवसभर हिंडा, तेथेच जेवा, तेथल्याच माणसाला वाटाड्या घ्या, तेथल्याच दुकानातून माल घ्या; झोप आणि आंघोळ मात्र खाली शहरात करा. उंटावर बसायचे तर उंटवाल्याशी स्वतः बोलणी करा आणि पैसे त्याच्याच हातात द्या.

शेवटच्या दोन रात्री आम्ही खुडीला एका कुटुंबाकडे काढल्या. मातीच्या भिंती, वर गवताचे शाकार. घरधनिणीने आंघोळीला एकच बादली दिली आणि आम्हांला ती पुरली. बाजरीची भाकरी आणि केर-सांगरीची भाजी ताटात होती. ज्यांनी ती रांधली त्यांच्याच हातात आमचे पैसे पडले. रात्री दिवा मालवल्यावर तारे दिसले. गैरसोय झाली काय? झाली. गाडी उशिरा मिळाली, गार वारा झोपडीत शिरला, गुडघे दुखले. म्हाताऱ्या माणसाने किंवा लहान मुले बरोबर असणाराने शहरातच राहावे आणि दिवसा उद्यान पाहून परतावे. त्यात कमीपणा नाही.

तात्पर्य, खोली ठरविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. पाणी कोठून येते आणि वापरून झाल्यावर कोठे जाते? मी दिलेला पैसा कोणाच्या हाती पडतो? माझ्या मुक्कामाचा उजेड आणि गोंगाट कोठवर पोहोचतो? मालक उत्तर देईनासा झाला, तर पोऱ्याला विचारा. त्याला सारे ठाऊक असते, फक्त त्याला कोणी विचारीत नाही.

चौदाव्या वर्षी मलाही कोणी विचारले नव्हते. त्या पोऱ्याने न विचारता सांगितले, म्हणून मी आज आपल्यापुढे उभा राहिलो.