खारवट जमिनीतील सातू
(ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संक्षिप्त पाठ)



मराठी शिकविणाऱ्या माणसाने शेतीशास्त्रावर बोलावे, हा काहींना आगाऊपणा वाटेल. या विषयाकडे मी वळलो तो ‘जवखार’ या शब्दाचा माग काढता काढता. यव म्हणजे आपला जव किंवा सातू. त्याची रोपे जाळून उरलेल्या राखेतून काढलेला क्षार तो यवक्षार, वैद्यांचा जवखार. त्यात पोटॅशियमचे प्रमाण मोठे. खाऱ्या मातीत सातू तगतो त्याचे एक कारण, त्याच्या मुळांतील पेशी हेच पोटॅशियम सहजासहजी सोडत नाहीत आणि आत शिरलेले सोडियम पेशीतील रिक्तिकेत कोंडून ठेवतात, असे शास्त्रज्ञ सांगतात. पूर्वजांना हे ठाऊक होते असा दावा मी करणार नाही. तसले दावे आपल्याकडे उदंड होतात.

सातूची ही ख्याती फार जुनी आहे. जेकबसेन आणि ॲडम्स या संशोधकांनी १९५८ साली असे मांडले, की दक्षिण मेसोपोटेमियात इसवी सनापूर्वी ३५०० च्या सुमारास गहू आणि सातू जवळजवळ समप्रमाणात पिकत. कालव्यांच्या पाण्याने जमीन खारावत गेली आणि इ. स. पू. १७०० पर्यंत तेथून गहू हद्दपार झाला. या मताला पुढे आक्षेपही घेतले गेले. सातू गव्हापेक्षा अधिक खार सोसतो, याविषयी मात्र दुमत नाही. मातीच्या अर्काची विद्युत्‌वाहकता ६ डेसिसीमेनच्या पुढे गेली की गव्हाचे उत्पन्न घटू लागते; सातूची मर्यादा ८ आहे.

मग अडचण कोठे आहे? तग धरणे आणि दाणा भरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, येथे. एप्स्टाइन आणि नॉर्लिन यांनी १९७७ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील वाळूत, समुद्राच्या पाण्यावर निवडक सातू वाढवून दाखविला. प्रयोग थक्क करणारा खरा. पण खाऱ्या पाण्यात उगवणारे रोप कणसात दाणा भरेलच असे नाही.

१९८३ साली रिचर्ड्‌स या संशोधकाने याहून अवघड प्रश्न विचारला. खारवट शेत सर्वत्र सारखे खारट नसते. त्यात ठिगळे असतात. काही पांढरी, उजाड, तर काही जवळजवळ निरोगी. एकूण उत्पन्नातला मोठा वाटा या निरोगी ठिगळांतूनच येतो. तेव्हा खार सोसणाऱ्या वाणापेक्षा चांगल्या जमिनीत भरघोस पिकणारा वाण निवडला, तर त्याच शेतातून अधिक धान्य निघेल.

हा युक्तिवाद मला प्रथम बिनतोड वाटला होता. आज वाटत नाही. सरासरी ही मोठ्या शेताची गोष्ट आहे. ज्याची शे-दोनशे एकर जमीन आहे, त्याचे पांढऱ्या ठिगळातले नुकसान उरलेल्या रानात भरून निघते. आपल्याकडे वाटण्या होऊन दोन बिघे उरलेल्या शेतकऱ्याचे सारे शेतच त्या ठिगळात असू शकते. शेजाऱ्याच्या शेतात वाढलेल्या सरासरीने त्याची कणगी भरत नाही. त्याच्यासाठी कणसात दाणाही भरील असा सोशिक वाणच शोधावा लागेल, मग चांगल्या जमिनीत तो दोन पोती कमी देईना का!

कर्नाल येथे १९६९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत क्षारांचे प्रमाण मोजूनमापून ठेवलेल्या लहान वाफ्यांत वाण पारखले जातात. खारवट व चोपण जमिनींसाठी एन. डी. बी. ११७३ आणि दुर्गापुऱ्याचा आर. डी. २७९४ असे सातूचे वाण निघालेही आहेत. पण खारवट आणि चोपण या दोन व्याधी एक नव्हेत. चोपण जमिनीत सोडियममुळे मातीची घडण मोडते, पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. आणि साचलेले पाणी सातूला मुळीच सोसत नाही. वाळूत समुद्राचे पाणी पचविणारे रोप अशा रानात एका अवकाळी पावसानंतर पिवळे पडते. त्यामुळे वाण कोणत्या मातीत पारखला, हे बियाणे घेणाऱ्याने आधी विचारले पाहिजे आणि देणाऱ्याने पिशवीवर छापले पाहिजे.